आपला बाब्या, दुसऱ्याचे कार्टे: सोसायटीतील उपद्रवाच्या तक्रारी कशा हाताळाव्यात

मुंबई, ठाणे, पुणे किंवा नाशिक येथील कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाला विचारा. त्याच्याकडे येणाऱ्या तक्रारींत गळती आणि पार्किंग यांच्या खालोखाल उपद्रवाच्या तक्रारी असतात. रात्रीचा आरडाओरडा, कचरा, थुंकणे, दारू, शिवीगाळ, ‘संशयास्पद वावर’ आणि किरकोळ चोरी हे त्यांचे नेहमीचे विषय. यांतील काही तक्रारी खऱ्या असतात आणि काही वाढवून सांगितलेल्या. काहींत मात्र कृत्याचे वर्णन थोडे आणि ते करणाऱ्याचे कपडे, बोली, वस्ती व जात यांवरचा निकाल जास्त असतो. हा शेवटचा प्रकार ओळखणे सर्वांत अवघड, कारण तक्रार करणारा खोटे बोलत नसतो. त्याला ते तसेच दिसलेले असते. अशा वेळी सचिवाने आणि समितीने नेमके काय करावे, याची ही मांडणी आहे.

पहिले काम तक्रार पुन्हा लिहून घेण्याचे. समजा, पुढील मजकूर आला: ‘काल रात्री झोपडपट्टीतली टवाळ पोरे नेहमीप्रमाणे दारू पिऊन गेटसमोर धिंगाणा घालत होती, पोलिसांना बोलवा.’ तक्रारदाराला बसवून, पंखा लावून, चहा देऊन विचारावे की आपण स्वतः काय पाहिले आणि काय ऐकले. बहुतेक वेळा उरते ते असे: ‘शनिवारी रात्री ११.२० ते ११.५० या वेळेत फाटकाबाहेरील पदपथावर चार तरुण मोठ्याने बोलत व हसत होते. एकाच्या हातात बाटली होती. तिच्यात काय होते ते दिसले नाही. ते कोठे राहतात हे मला माहीत नाही.’ पहिल्या मजकुरातील वस्ती, टवाळपणा, दारू, धिंगाणा आणि ‘नेहमीप्रमाणे’ या पाचही गोष्टी अनुमाने होती. दुसऱ्या मजकुरातही तक्रार शिल्लक आहेच, कारण रात्री साडेअकराला झोपमोड झाली ही गोष्ट खरी. पण आता तिच्यावर करता येण्याजोगे काहीतरी आहे. नोंदवहीत हा दुसरा मजकूर उतरवावा आणि त्याखाली तक्रारदाराची सही घ्यावी. सही मागितली की अर्ध्या तक्रारी आपोआप सौम्य होतात, हा त्यातला जास्तीचा फायदा.

त्यानंतर माणसे बदलून तोच प्रसंग वाचावा. हेच चार तरुण ‘ए’ विंगमधील सभासदांचे मुलगे असते, त्याच वेळी गच्चीवर बसलेले असते आणि हातात तशीच बाटली असती, तर आपण काय केले असते? बहुधा एखाद्या वडिलांना फोन केला असता आणि ‘जरा सांगा हो मुलांना’ एवढे म्हटले असते. मग पदपथावरच्या तरुणांसाठी पहिले पाऊल पोलिसांचे का, याचे उत्तर समितीने स्वतःला द्यावे. उत्तर कृत्यात सापडले, उदाहरणार्थ कोणाला धमकावले गेले किंवा कोणाची वाट अडवली गेली, तर पोलिसांना बोलावणे योग्यच आहे. उत्तर फक्त पत्त्यात सापडत असेल, तर गच्चीला लावलेला नियमच पदपथालाही लावावा. आवाजाच्या बाबतीत नियम तयारच आहे: ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या केंद्रीय नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती वस्तीतल्या हळदीच्या डीजेला जितकी लागू आहे तितकीच क्लबहाऊसमधल्या संगीत-संध्येलाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण इतर बहुतेक चुका तिच्यातून निघतात. दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसे राहतात तेव्हा घरातले अर्धे आयुष्य घराबाहेर घडते. मुले पायरीवर अभ्यास करतात, तरुण नाक्यावर उभे राहतात, नळावरचे भांडण चार गल्ल्यांना ऐकू जाते आणि नवऱ्याचे पिणेही सर्वांसमोर असते. फ्लॅटमध्ये भांडण होत नाही असे कोणी म्हणणार नाही. तेथे खिडकी बंद असते आणि एसी सुरू असतो. त्यामुळे ‘तिकडे हे प्रकार जास्त होतात’ या वाक्याचा अर्थ पुष्कळदा ‘तिकडचे प्रकार आपल्याला दिसतात’ एवढाच असतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम चॅम्ब्लिस यांनी १९७३ मध्ये एकाच शाळेतील मुलांच्या दोन टोळक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. सुखवस्तू घरांतली आठ मुले शाळा बुडवत, दारू पीत, बेदरकार गाडी चालवत, मोडतोड करत. तरी गाव त्यांना होतकरू मानत होते आणि त्यांतील एकालाही अटक झाली नाही. गरीब घरांतली सहा मुले मात्र सतत पोलिसांच्या नजरेत होती. पहिल्या टोळक्याकडे गाड्या होत्या, ते गावाबाहेर जाऊन उद्योग करत. दुसरे भर चौकात उभे असत.

चॅम्ब्लिस यांनी नोंदवलेला दुसरा फरक वागण्याच्या रीतीचा आहे आणि तो प्रत्येक सुरक्षारक्षकाला ठाऊक असतो. पकडल्यावर एक मुलगा ‘सॉरी अंकल’ म्हणून मान खाली घालतो; दुसरा घाबरून खोटे बोलतो, किंवा रोखून पाहतो, किंवा पळतो. पहिल्याला आपण संस्कारी ठरवतो आणि दुसऱ्याला निर्ढावलेला. अंकलशी कसे बोलावे याचे शिक्षण घरात मिळालेले असणे आणि कृत्य लहान-मोठे असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. म्हणून चौकशीच्या टिपणात ‘उर्मटपणे बोलला’ असे लिहू नये. तो जे शब्द बोलला ते लिहावेत.

चोरीच्या तक्रारीत सर्वाधिक काळजी हवी, कारण चुकीची किंमत येथे सर्वाधिक आहे. गळ्यातली साखळी सापडत नाही हे कळल्यापासून धुणीभांडी करणाऱ्या बाईचे नाव उच्चारले जाईपर्यंत अनेक घरांत पाच मिनिटेही जात नाहीत. सचिवाने तेथे पहिल्यांदा घरच्यांना शोधायला लावावे: बँकेचा लॉकर, माहेरी नेलेली बॅग, बाथरूममधली खुंटी. साखळी न मिळाल्यास ती शेवटची कधी व कोणी पाहिली आणि त्यानंतर घरात कोण कोण आले याची यादी करावी. त्या यादीत सुतार, प्लंबर, पाहुणे, मुलाचे मित्र आणि घरची माणसे हे सर्व आले पाहिजेत, आणि पोलिसांना द्यायच्या अर्जात पूर्ण यादीच द्यावी, एकच नाव नव्हे. बाईला खोलीत बसवून ठेवणे, तिची पिशवी हिसकावून उलटी करणे, ‘कबूल कर, सोडून देतो’ असे सांगणे, यांपैकी कशाचाही अधिकार सोसायटीला नाही. जाऊ न देता डांबून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि ही गोष्ट समितीतल्या उत्साही सदस्यांना आधीच सांगून ठेवलेली बरी. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचे प्रकार न्यायालयापेक्षा दिवाणखान्यातच अधिक घडतात.

फाटकावरच्या अ‍ॅपमध्ये कामगाराचा प्रवेश रोखण्याचे बटण हाही असाच विषय. एका घराच्या संशयावरून ते दाबले की त्या बाईची इतर सर्व घरांतील कामेही त्याच दिवशी जातात. म्हणजे चौकशीआधीच शिक्षा. तिचे म्हणणे लिहून घेतल्याशिवाय आणि समितीच्या बैठकीत निर्णय झाल्याशिवाय प्रवेश रोखता येणार नाही, असा ठराव करून घ्यावा. बाहेर पडताना पिशव्या तपासायच्याच असतील तर सर्वांच्या तपासाव्यात; हे कोणी मान्य करणार नाही, आणि त्यावरून त्या तपासणीचा खरा हेतू समितीच्या लक्षात येईल.

सीसीटीव्हीचे चित्रण हा निर्णायक पुरावा समजला जातो, पण धूसर चित्रणात माणूस आपल्याला हवे तेच पाहतो. डार्ली आणि ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांचा १९८३ चा प्रयोग येथे उपयोगी आहे. चौथीतल्या एका मुलीबद्दल काही जणांना ती सुशिक्षित, सुखवस्तू घरातली असल्याचे दाखवले आणि काहींना ती गरीब वस्तीतली असल्याचे. एवढ्याच माहितीवर तिची बुद्धी जोखताना दोन्ही गटांनी हात आखडता घेतला. पण ज्यांनी नंतर तिच्या तोंडी परीक्षेचे, काही उत्तरे बरोबर आणि काही चूक असलेले, एकच चित्रण पाहिले, त्यांचे निकाल दोन दिशांना गेले आणि दोघांनाही पुरावा आपल्या बाजूचा वाटला. म्हणून चित्रण पाहताना आधी नाव सांगू नये. ज्याला प्रकरण माहीत नाही अशा सदस्याला ते दाखवून ‘काय दिसते ते लिहा’ असे सांगावे. ‘एक व्यक्ती ५.१० ला हिरवी पिशवी घेऊन बाहेर पडते’ एवढेच लिहिले गेले, तर पुरावाही तेवढाच आहे.

व्हॉट्सअ‍ॅप गटाबाबत थोडक्यात: संशयिताचा फोटो टाकू नये, कोणी टाकल्यास अ‍ॅडमिनने काढावा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना जमावाने ठार मारले. त्याआधी मोबाइलवरून अशा अफवा फिरत होत्या, आणि अनोळखी, भटके, मळक्या कपड्यांतले एवढे वर्णन लोकांना पुरेसे वाटले. शहरी माणूस याला खेड्यातला अडाणीपणा म्हणतो, पण ‘दोन संशयास्पद बायका बी विंगखाली फिरत आहेत’ हा संदेश त्याच जातकुळीतला आहे.

आणि ही जातकुळी जुनी आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक समाजांना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातली वसाहत होती. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी जवळपास चोरी झाली की पारध्यांच्या पालावर जाण्याची सवय गेली नाही. तक्रारीत समाजाचे नाव आले तर ते खोडूनच नोंद करावी. त्याने चौकशीला काडीचीही मदत होत नाही.

याचा अर्थ गरीब माणसाच्या उपद्रवाकडे डोळेझाक करावी असा नाही. तसे करणारे लोकही असतात आणि त्यांचा दयाळूपणा वस्तीतल्यांनाच महाग पडतो, कारण नाक्यावरच्या दारुड्याचा सर्वाधिक त्रास सोसायटीला नसतो. तो रात्री कामावरून परतणाऱ्या वस्तीतल्या बाईला असतो. तक्रार गंभीर असल्यास तिलाही विचारावे. फाटकावरच्या रक्षकालाही विचारावे, आणि ते खुर्ची देऊन.

उलट बाजूला, सभासदांच्या उपद्रवाला आपण ‘गैरसोय’ असे मऊ नाव देतो: बाल्कनीतून फेकलेली थोटके, कुत्र्याची घाण, रस्त्यावर ओतलेला नूतनीकरणाचा राडारोडा, रुग्णवाहिकेची वाट अडवणारी दुसऱ्या रांगेतली गाडी. हा मऊपणा कोठवर पोहोचतो हे मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात दिसले. अल्पवयीन मुलाच्या आलिशान गाडीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले आणि जामिनाच्या अटींत बाल न्याय मंडळाने ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. लोकक्षोभानंतर तो आदेश बदलला. अपघाताचा दोष अंगावर घ्यावा म्हणून कुटुंबाच्या चालकाला डांबून ठेवल्याचा गुन्हाही पोलिसांनी नोंदवला.

शेवटचे काम वर्षातून दोनदा करायचे. नोंदवही उघडून प्रत्येक तक्रारीसमोर दोन रकाने भरावेत: ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तो सभासद, भाडेकरू, कामगार की बाहेरचा, आणि कारवाई काय झाली, समज, दंड, पोलीस की प्रवेशबंदी. सारख्याच कृत्यासाठी सभासदांच्या रकान्यात ‘समज’ आणि कामगारांच्या रकान्यात ‘प्रवेशबंदी’ दिसत असेल, तर तो तक्ता वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. त्यावर वादावादी होईल. सचिवाने तीही इतिवृत्तात लिहावी, कोण काय बोलले यासह.