हिप-हॉप प्रोड्यूसर म्हणून नाव कसे कमवावे : गोव्यातील होतकरूंसाठी

आज म्हापशातल्या मुलाच्या लॅपटॉपवर तेच ड्रम किट असते जे अटलांटातल्या मुलाच्या लॅपटॉपवर असते, त्यामुळे दोघांच्या बीटही, म्हणजे रॅपर ज्यावर शब्द म्हणतो ते वाद्यसंगीत, एकसारख्याच वाजतात आणि रॅपरला त्या बनवणाऱ्याचे नाव लक्षात ठेवण्याचे काही कारण उरत नाही. पहिल्या चार मात्रांत बीट कोणाची हे कळले पाहिजे. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत; इतर कोणाजवळ नसलेला, स्वतः ध्वनिमुद्रित केलेला आवाज मात्र लागतो.

हिप-हॉपची परंपराही हेच सांगते. या संगीताचा आरंभ ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात झालेल्या एका पार्टीपासून मानला जातो. तिथे तबकड्या वाजवणारे कूल हर्क पुढे ओळखले गेले ते जुन्या गाण्यांतला नुसत्या तालाचा तुकडा दोन टर्नटेबलांवर पुन्हा पुन्हा वाजवून लांबवण्यासाठी, म्हणजेच हाताशी असलेल्या संगीतातून नवे घडवण्यासाठी. गोव्यात आपल्या हाताशी काय आहे? चवथीच्या आरतीतले घुमट, शामेळ आणि कासाळे आहे, शिगम्यातले ढोल-ताशे आहेत. घुमटाला तर गोवा सरकारने २०१९ मध्ये राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली आहे.

घुमटाचे ध्वनिमुद्रण नीट केले तर तेवढ्यावर वर्षभराच्या बीट उभ्या राहू शकतात. या मातीच्या वाद्याला दोन तोंडे असतात : मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले असते आणि लहान तोंड उघडे असते, जे वादक तळव्याने झाकतो-उघडतो आणि त्यातूनच तो घुमणारा, खाली-वर सरकणारा नाद निघतो. म्हणून एक माइक कातड्याच्या बाजूला आणि दुसरा लहान तोंडाजवळ ठेवावा, आणि दोन्ही एकत्र ऐकताना खर्ज पोकळ वाटला तर एका ट्रॅकचा फेज, म्हणजे ध्वनिलहरीची दिशा, उलटा करून पाहावा. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावत. घोरपडीला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने बकरीच्या कातड्याचेच घुमट घ्यावे. पावसाळ्यातल्या दमट हवेत कातडे सैल पडून नाद उतरतो, म्हणून कोरडे दिवस निवडावेत. ठेक्यांबरोबर हलक्या, मध्यम आणि जोरकस अशा सुट्या थापाही घ्याव्यात, कारण बीट बांधताना त्याच अधिक उपयोगी पडतात. वादकाला मानधन द्यावे, परवानगी लेखी घ्यावी आणि गाण्याच्या श्रेयात त्याचे नाव घालावे. हे मला ध्वनीच्या गुणवत्तेइतकेच महत्त्वाचे वाटते.

बीट बांधताना पहिली अडचण खर्जात येते. घुमटाचा घुमारा आणि ८०८ या ड्रम यंत्राचा खोल बास एकाच कंपनपट्ट्यात येऊन गढूळ होतात, तेव्हा घुमटाचा खालचा भाग फिल्टरने कापावा किंवा त्या बीटमध्ये ८०८ वापरूच नये. दुसरी अडचण काटेकोरपणाची आहे. प्रत्येक थाप सॉफ्टवेअरच्या ग्रिडवर, म्हणजे समान अंतराच्या कालरेषांवर, चिकटवली की वादकाचा हात नाहीसा होतो. ठोके ग्रिडच्या किंचित मागेपुढे ठेवल्याने ताल कसा जिवंत होतो हे अमेरिकन हिप-हॉप प्रोड्यूसर जे डिला यांच्या कामातून शिकावे. घुमट जसे वाजले तसेच ठेवावे आणि हाय-हॅटला ५४ ते ५८ टक्के स्विंग देऊन, म्हणजे दर दुसरा ठोका किंचित उशिरा पाडून, त्याच्याशी जुळवावे. रॅपरचा आवाज जिथे बसतो त्या मधल्या कंपनपट्ट्यात मात्र गर्दी करू नये.

नाव पसरते ते माणसांमधून. रोज एक बीट टाकण्यापेक्षा मराठी किंवा कोंकणीत लिहिणारे दोन-तीन रॅपर निवडून त्यांच्याबरोबर चार-पाच गाण्यांचा एकसंध संच करावा आणि ते आवाज मुद्रित करत असताना तिथे हजर राहावे. मराठी ओळीचा श्वास कुठे पडतो हे तिथेच कळते. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा अभंग लहानपणापासून ऐकलेला रॅपर नकळत त्याच वळणाने लिहितो, हे ओळखून बीटमध्ये विराम ठेवता येतात. कबूल केलेल्या दिवशी स्टेम, म्हणजे प्रत्येक वाद्याचे वेगवेगळे ट्रॅक, द्यावेत : २४ बिट वेव्ह फाइली, सर्व एकाच बिंदूपासून सुरू होणाऱ्या, आणि फाइलच्या नावात लय व स्वर लिहिलेला.

श्रेयाबाबत तर गोवेकराने विशेष जागरूक असावे. सेबास्तियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीय संयोजकांनी हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ घडवला, पण त्या काळच्या संयोजकांची नावे पडद्यावर आली तर बहुधा सहायक म्हणून. म्हणून बीट देण्यापूर्वीच ती भाड्याने दिली की कायमची विकली, रचनेत कोणाचा किती टक्के वाटा आणि श्रेयात नाव कसे छापले जाईल, हे एका पानावर लिहून दोघांनी सही करावी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानुसार संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क वारस किंवा कॉपीराइट संस्था यांच्याखेरीज कोणाच्याही नावे करून देता येत नाही. पण हा पैसा हाती येण्यासाठी आयपीआरएस या संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद होऊन प्रत्येक रचना तिथे नोंदवावी लागते, आणि ती नोंद गाणे प्रसिद्ध होण्याच्या सुमारासच करून टाकावी.