लाल मागितला, निळा आला: फ्रेमबफरमधल्या या चुका टाळा

आयएलआय९३४१ चिपचा ३२०×२४० टीएफटी (रंगीत एलसीडी स्क्रीन) मायक्रोकंट्रोलरला जोडला, स्क्रीन लाल भरली आणि ती निळी दिसली, की बरेच जण वायरिंग उपटायला घेतात. थांबा. स्क्रीनभर एकसारखा, स्थिर पण चुकीचा रंग दिसत असेल, तर दोष बहुतेक वेळा फ्रेमबफरमध्ये, म्हणजे चित्राचे पिक्सेल साठवणाऱ्या मेमरीतल्या मांडणीत असतो. आता स्क्रीन हिरवी भरून बघा.

हिरवाच का? आरजीबी५६५ मध्ये एक पिक्सेल १६ बिटांत बसतो: लालला ५, हिरव्याला ६, निळ्याला ५. डोळा हिरव्याच्या छटा जास्त बारकाईने टिपतो, म्हणून जादाचा बिट त्याला. शुद्ध लाल म्हणजे ११११ १००० हा एक बाइट आणि ०००० ०००० हा दुसरा. ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर खालचा बाइट मेमरीत आधी ठेवतो, पॅनेल मात्र वरचा बाइट आधी मागतं. अदलाबदल न करता बफर तसाच पाठवला, तर लालचे बिट निळ्याच्या जागी पडतात. पण लाल-निळ्याचा क्रम उलटा असला तरी लाल निळाच दिसतो! फरक हिरव्यात कळतो. हिरवा हिरवाच राहिला तर क्रम उलटा आहे, पॅनेलच्या सेटिंगमधला बीजीआर (निळा-हिरवा-लाल क्रम ठरवणारा) बिट बदला. हिरव्याचा लाल झाला तर बाइट उलटे आहेत. पांढऱ्या-काळ्यावर चाचणी घेऊ नका, दोन्ही बिघाडांत ते जसेच्या तसे दिसतात.

दुसरी चूक लिनक्सच्या फ्रेमबफरवर हमखास होते: रुंदी गुणिले पिक्सेलचे बाइट म्हणजे एक ओळ, असं गृहीत धरणं. १३६६ पिक्सेल, ३२ बिट, म्हणजे ५४६४ बाइट. पण हार्डवेअर ६४ च्या पटीत ओळ मागत असेल तर प्रत्यक्षात ५५०४ बाइट राखले जातात. हे ४० बाइट विसरलात तर प्रत्येक ओळ १० पिक्सेल डावीकडे सरकते आणि चित्र तिरकं वाहत जातं. ओळीची लांबी स्वतः मोजू नका, ड्रायव्हरला विचारा. तो लाइन लेंग्थ म्हणून सांगतो ती खरी.

चित्र आडवं आक्रसून पाऊण रुंदीत आलं आणि रंगीत उभ्या रेघा उमटल्या, तर २४ बिटांचा डेटा ३२ बिटांच्या बफरमध्ये ओतला गेलाय. तिथे चौथा बाइट लिहावाच लागतो. तो अल्फा (पिक्सेल किती अपारदर्शक ते सांगणारी किंमत) म्हणून वाचला जात असेल तर शून्य ठेवू नका, चित्र पूर्ण पारदर्शक होईल.

५६५ वरून ८-८-८ (प्रत्येक रंगाला ८ बिट) कडे नेताना नुसतं डावीकडे सरकवलं, की ३१ चे २४८ होतात आणि हिरव्याच्या ६३ चे २५२. पांढरा मळकट आणि किंचित हिरवट होतो. वरचे बिट रिकाम्या जागी पुन्हा भरा, म्हणजे पूर्ण २५५ मिळतात. हे काम दोन शिफ्ट (बिट सरकवणं) आणि एका ऑरमध्ये (बिट एकत्र करणं) होतं, तरी कितीतरी कोडमध्ये ते केलेलं नसतं.

एसएसडी१३०६ चिपच्या १२८×६४ ओएलईडीवर अक्षरांचे तुकडे विखुरलेले दिसले तर फॉन्टला दोष देऊ नका. तिथे एका बाइटमध्ये एकाखाली एक असे ८ पिक्सेल असतात, सर्वांत खालच्या किमतीचा बिट सगळ्यात वर. म्हणजे पिक्सेलचं आडवं स्थान एक्स आणि वरून खाली मोजलेलं स्थान वाय असेल तर बाइटचा क्रमांक: वायला ८ ने भागून येणारा पूर्णांक गुणिले १२८, अधिक एक्स. भागाकारातली बाकी म्हणजे त्या बाइटमधला बिट.