तान्ह्या बाळाला थायरॉइडची गोळी देताना

जन्मजात हायपोथायरॉइडिझम (थायरॉइड ग्रंथी जन्मापासून पुरेसं संप्रेरक न बनवणं) असलेल्या बाळांना बहुतेक वेळा लिव्होथायरॉक्सिन या थायरॉइडच्या औषधाची गोळी कुटूनच द्यावी लागते. डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, त्यामुळे चमच्याला चिकटलेली पूडही हिशेबात धरायची. पहिली तीन वर्षं मेंदूची वाढ या औषधावर अवलंबून असते. थोडं सांडलं तर काय होतंय, असं इथे म्हणून चालत नाही.

हात धुऊन स्टीलचे दोन कोरडे चमचे घ्या. एकात गोळी ठेवून दुसऱ्याच्या पाठीने दाबत पिठासारखी बारीक करा. गुटीच्या सहाणेवर मात्र उगाळू नका: पूड दगडाच्या खरबरीत अंगात अडकते आणि बाळाच्या पोटात किती गेली ते कळत नाही. त्याच चमच्यात काढलेलं आईचं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी १-२ मि.लि. घाला. पूड विरघळत नाही, तळाशी बसते. म्हणून ढवळून लगेच द्यायचं. सकाळी कालवून संध्याकाळसाठी ठेवायचं नाही.

बाळाला मांडीवर डोकं उंच ठेवून धरा. चमच्याने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा, प्रत्येक घोट गिळू द्या. मग चमच्यात पुन्हा थोडं दूध फिरवून तेही पाजा. या शेवटच्या घोटाचा अनेकांना विसर पडतो.

दुधाच्या बाटलीत गोळी कधीच मिसळू नका. बाळाने निम्मं दूध टाकलं, तर निम्मा डोस गेला. सोयाच्या फॉर्म्युल्याने आणि लोह-कॅल्शियमच्या थेंबांनी औषध कमी शोषलं जातं. गोळी आणि हे थेंब यांत चार तासांचं अंतर ठेवा. सोयाचं दूध सुरू करायचं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. उपाशीपोटी की दुधानंतर, यावर घरात वाद घालण्यापेक्षा रोज एकच वेळ आणि एकच पद्धत पाळा.

सकाळी विसरलात तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी द्या, पण दुसऱ्या दिवशी दुप्पट नको. औषध देताच उलटी झाली तर काय करायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

गोळ्यांची नवी बाटली घेताना दुकानातच आकडा वाचा: २५, ५० आणि १०० मायक्रोग्रॅमच्या बाटल्या सारख्याच दिसतात. आणि टीएसएच-टी४ (थायरॉइडची रक्ततपासणी) करायच्या दिवशी रक्त दिल्यावरच गोळी द्या.