नवी सिस्टिम निवडताना या चुका टाळा

टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट रंगवायची अशा रोल-प्लेइंग खेळांच्या ग्रुपमध्ये दोन-तीन वर्षं एकच खेळ चालू असतो, बहुधा डंजन्स अँड ड्रॅगन्स. मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, "आता दुसरं काहीतरी खेळूया ना." ग्रुपमधला सगळ्यात उत्साही माणूस लगेच नव्या सिस्टिमचं, म्हणजे वेगळ्या नियमांच्या खेळाचं, एक जाडजूड रूलबुक घेऊन मोकळा होतो. महिन्याभराने कसंबसं एक सेशन होतं, सगळे दमतात आणि पुढच्या वेळी पुन्हा जुन्याच कॅरेक्टर शीट (पात्रांची माहिती लिहिलेले कागद) बाहेर येतात. तो उत्साही माणूस आमच्याकडे मी होतो. माझ्या कपाटात अशी चार पुस्तकं जमली. त्यातली तीन मुळीच वाईट नव्हती. आम्हीच ती भलत्या कारणासाठी घेतली आणि भलत्या पद्धतीने खेळलो.

मुखपृष्ठ बघून निवडणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. चाचे आवडतात म्हणून चाच्यांची सिस्टिम, अंतराळ आवडतं म्हणून अंतराळाची. पण जग काय, थोड्या खटपटीने कुठल्याही खेळावर चढवता येतं. खरा प्रश्न असा, की नियम तुमच्याकडून टेबलावर काय करून घेतात?

हे ओळखायला पुस्तक पूर्ण वाचावं लागत नाही. नियमांची सगळ्यात जास्त पानं कशावर खर्च झाली आहेत ते बघा. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये क्लास (पात्रांचे प्रकार) आणि स्पेल (मंत्र) यांनीच पुस्तक भरलेलं असतं आणि त्यातलं बरंचसं लढाईत कामाला येतं. १९८१ साली आलेला कॉल ऑफ क्थुलू बघा. तिथे कौशल्यं टक्क्यांत असतात, फासे आपल्या टक्क्यांइतके किंवा त्याखाली पडले की जमलं. लायब्ररीत संदर्भ शोधणं हेही तिथे एक कौशल्य आहे, भयानक काही दिसलं की पात्राचं मानसिक संतुलन आकड्यांत घसरतं आणि एखाद-दोन गोळ्यांत पात्र आडवं होऊ शकतं. राक्षस दिसला की तलवार उपसणाऱ्या मंडळींना हा खेळ दिला तर तासाभरात सगळ्यांची नवी पात्रं बनवायला बसावं लागेल.

ब्लेड्स इन द डार्क आम्ही घेतला तो चोरांच्या टोळीचा खेळ म्हणून. आमच्या मंडळींना दरोड्याचे बेत आखायला भारी आवडतं; नकाशा पसरून दोन-दोन तास खल चालतो. आणि हा खेळ नेमका तोच भाग कापून टाकतो! बेताचा प्रकार आणि एखादा तपशील ठरवायचा, एक फासेफेक करायची, की थेट दरोड्याच्या मधोमध. सोबत काय सामान आणलंय हेही आधी लिहायचं नसतं, फक्त ओझं हलकं की जड एवढंच सांगायचं. पहारेकऱ्याला आधीच लाच द्यायला हवी होती असं वाटलं, तर गरजेप्रमाणे स्ट्रेस (पात्रावरच्या ताणाचे गुण) मोजून फ्लॅशबॅक घ्यायचा, म्हणजे ते आधीच केलं होतं असा प्रसंग मागे जाऊन दाखवायचा. कल्पना झकास आहे, पण आमची अर्धी मजाच त्यात गेली. दोष खेळाचा नव्हता.

म्हणून टेबलावर "काय खेळायचं?" असं विचारूच नका, त्याला "काहीही चालेल" हेच उत्तर मिळतं. "मागच्या कॅम्पेनमधला कुठला प्रसंग अजून आठवतो?" असं विचारा (कॅम्पेन म्हणजे अनेक सेशन चालणारी एकच गोष्ट). चार जणांनी चार लढाया सांगितल्या तर तुम्हाला लढाईचाच खेळ हवाय, मुखपृष्ठावर काहीही असो.

पाने कमी म्हणजे सोपं, असं समजणं

लेझर्स अँड फीलिंग्जचे सगळे नियम एका पानावर मावतात. खेळाडूंसाठी सोपंच आहे ते. पण जीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरला, गोष्ट जागच्या जागी रचावी लागते. पाठीशी ना राक्षसांची यादी, ना तयार नकाशे. उलट २०१९ची पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती, मूळ पुस्तक ६४० पानांचं. शिकायला जड खरं, पण लढाई किती अवघड होईल याचं गणित भरवशाचं आहे, त्यामुळे शिकल्यावर जीएमचा जीव बराच हलका होतो. शिवाय तिचे नियम इंटरनेटवर अधिकृतपणे फुकट वाचता येतात. तेव्हा सोपं कुणासाठी, खेळणाऱ्यांसाठी की चालवणाऱ्यासाठी, हे आधी ठरवा. जीएम व्हायला कुणीच तयार नसेल तर फियास्कोसारखे जीएमशिवायचे खेळ आहेत; तीन ते पाच जण, एक संध्याकाळ, काम तमाम.

जुन्या सवयींनी नवा खेळ खेळणं

नवी सिस्टिम "फसली" असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा हेच झालेलं असतं. सगळ्यात ठळक लक्षण: "आमची पात्रं बावळट वाटतात, काही केलं तरी गोंधळच होतो." २०१०च्या अपोकॅलिप्स वर्ल्डपासून निघालेल्या खेळांत ही तक्रार हटकून येते. तिथे सहा बाजूंचे दोन फासे टाकून त्यांच्या बेरजेत पात्राचा गुण मिळवायचा. १० किंवा वर आलं तर जमलं, ७ ते ९ म्हणजे जमलं पण काहीतरी किंमत मोजून, ६ किंवा खाली म्हणजे संकट. गुण +१ असेल तर निर्भेळ यशाची शक्यता सुमारे २८ टक्के, किंमत मोजून यशाची ४४ आणि संकटाची पुन्हा २८. म्हणजे दर चार फेकींपैकी जवळपास तीन काहीतरी नवं लचांड मागे लावतात. जुन्या सवयीने कुलूप बघितलं की फासा, भिंत बघितली की फासा असं चालवलं तर पात्रं बावळट दिसणारच. उपाय साधा आहे: नियमात ज्या प्रसंगी फासे टाका म्हटलंय तेवढ्याच वेळी टाका. बाकीचं पात्राला जमतं असं धरा.

दुसरं लक्षण: एक-दोन जण गप्प होतात. या खेळांपैकी अनेकांत पाळीचा क्रम नसतो, मग मोठ्या आवाजाचे पुढे सरकतात. जुन्या खेळात इनिशिएटिव्हमुळे (लढाईतल्या पाळ्यांचा ठरलेला क्रम) लाजऱ्या माणसाची पाळी आपोआप यायची, आता ती जीएमने द्यावी लागते. "हे सगळं चाललंय तेव्हा तू कुठे आहेस?" एवढं विचारलं तरी काम भागतं.

खेळायच्या आधीच नियम बदलणं

ड्रेड हा भयकथांचा खेळ. त्यात फासे नाहीतच, जेंगाच्या मनोऱ्यातून ठोकळा ओढायचा. मनोरा पडला की तुमचं पात्र गोष्टीतून गेलं. आमच्याकडे ठोकळे नव्हते. त्यात काय एवढं, असं म्हणत मी फासे वापरले. सेशन इतकं मिळमिळीत झालं की मध्येच दोघांनी फोन काढले. भीती गोष्टीत नसून ठोकळा ओढणाऱ्याच्या थरथरत्या बोटांत होती, हे कळायला मला पुढे खरा मनोरा बघावा लागला. निदान तीन सेशन होईपर्यंत नियमांना हात लावू नका.

थेट कॅम्पेन सुरू करणं

पहिल्या संध्याकाळी पात्रं बनवायलाही बसू नका. (१९७७च्या ट्रॅव्हलरमध्ये तर पात्र बनवता बनवता मरू शकायचं!) अनेक सिस्टिमचे क्विकस्टार्ट (सुरुवातीसाठीच्या छोट्या आवृत्त्या) फुकट मिळतात, त्यात छोटं कथानक आणि बऱ्याचदा तयार पात्रंही असतात. त्यावर वन-शॉट, म्हणजे एकाच सेशनमध्ये संपणारा खेळ, करा. नियम अडला तर जीएमने तिथल्या तिथे निर्णय द्यावा, कागदावर टिपून ठेवावा आणि पुस्तक घरी उघडावं. भयकथा असेल तर कुणाला कुठला विषय नको आहे तेवढं आधी विचारून घ्या.

एका सेशनवर मात्र निकाल देऊ नका. पहिलं सेशन चाचपडण्यात जातं, दुसऱ्यात थोडा सूर लागतो, तिसऱ्यात खेळ दिसतो. तीननंतरही मंडळी जांभया देत असतील तर खुशाल सोडा. माझं चौथं पुस्तक असंच सुटलं. एकेका वारासाठी तीन-तीन तक्ते चाळावे लागायचे आणि आमच्यातल्या कुणालाच त्यात रस नव्हता. ते मी तक्त्यांचं वेड असलेल्या एका मित्राला देऊन टाकलं. त्याचं कॅम्पेन अजून चालू आहे.