ग्राउंड स्टाफची मानसिक तपासणी : फॉर्म वाटण्याआधी काय करायचं

वैमानिकाची वैद्यकीय तपासणी ठरावीक मुदतीने होते. विमान ओढणाऱ्या, सामान चढवणाऱ्या माणसाची बहुतेक ठिकाणी फक्त पार्श्वभूमी पडताळली जाते, आणि त्यात गुन्ह्यांची नोंद कळते, मन कळत नाही. १० ऑगस्ट २०१८ रोजी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल-टकोमा विमानतळावर होरायझन एअरच्या ग्राउंड स्टाफमधल्या एकाने रिकामं क्यू४०० विमान टो-ट्रॅक्टरने (विमान ओढायच्या गाडीने) एकट्याने वळवलं आणि ते घेऊन उड्डाण केलं. सुमारे सव्वा तासाने ते केट्रन बेटावर कोसळलं. विमानतळात शिरायचा त्याचा पास वैध होता, आणि विमान ओढणं हे त्याचं रोजचंच काम होतं.

म्हणून सुरुवात विमानापासून करा. उभ्या विमानाजवळ कोणी एकटं जाणार नाही, टोइंगला किमान दोघं, आणि कंट्रोलकडून त्या विमानाचा नंबर घेऊन आदेश आल्याशिवाय टो-बार (ओढायचा दांडा) लावायचा नाही. रात्री उभ्या विमानाची दारं बंद, शिडी बाजूला, चाकांना चोक (अडसर) लावलेले. हा नियम मोडतो तो पहाटे, माणसं कमी असताना: काम एकटाच करतो आणि दुसऱ्याची सही सुपरवायझर ठोकून देतो. दोघांनी आपापला पास जागेवर पंच करायचा, वेळेसकट.

मग पास. ७ डिसेंबर १९८७ रोजी पीएसए या अमेरिकी कंपनीचं १७७१ क्रमांकाचं विमान पाडणाऱ्याला यूएसएअर या विमान कंपनीने कामावरून काढलं होतं, पण ओळखपत्र त्याच्याकडेच राहिलं होतं. त्याच्या जोरावर तपासणी टाळून तो पिस्तूल घेऊन चढला. ४३ जण गेले. कामावरून काढताना किंवा निलंबित करताना बैठक सुरू होण्याआधी पास सिस्टममध्ये बंद करा. बैठकीत तो हातात घ्या, सोबत वाहन परवाना आणि लॉकरची किल्लीही. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत एजन्सी दोन दिवसांनी कळवते, तेव्हा ‘त्याच तासाला कळवणं’ करारातच लिहून घ्या.

प्रश्नावली आता. समजा १०,००० कर्मचाऱ्यांत ५ खरोखर धोक्याचे आहेत आणि चाचणी दोन्ही बाजूंनी, म्हणजे धोक्याचे ओळखण्यात आणि निर्दोष वगळण्यात, ९० टक्के अचूक आहे. चार-पाच सापडतील, आणि त्यांच्यासोबत जवळजवळ १,००० निर्दोष माणसं. ज्याला लपवायचंय तो सगळीकडे शून्य लिहून मोकळा होतो. त्यामुळे पास देण्या-नाकारण्यासाठी फॉर्म वापरू नका. मदत कोणाला हवी हे कळायला वापरा. पीएचक्यू-९ हा नैराश्य तपासायचा फॉर्म पुरतो: नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकी ० ते ३ गुण. एकूण १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांची भेट. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही असलं, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी बोलायचं. उत्तरं डॉक्टरांकडे राहतात. सुपरवायझरला फक्त ‘कामाला योग्य’, ‘अटींसह योग्य’ किंवा ‘सध्या नाही’ एवढंच कळतं. हे पाळलं नाही तर पुढच्या वेळी सगळ्यांच्या फॉर्मवर सगळीकडे शून्यच येईल.

खरी नजर शिफ्टच्या सुपरवायझरची. माणूस मुळात कसा आहे यापेक्षा त्याच्यात काय बदललं ते पाहायला शिकवा: वेळेवर येणारा उशिरा येऊ लागला, वस्तू वाटून टाकतोय, निरोपाची भाषा करतोय, एकटं राहता येईल अशाच ड्युट्या मागतोय. बाजूला घेऊन सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांच्या हाती देईपर्यंत त्याला एकटं सोडू नका.

त्यानंतर रॅम्पबाहेरचं, म्हणजे विमानं उभी असतात त्या जागेबाहेरचं काम द्या, पगार तोच, आणि रात्रपाळीचा भत्ताही चालू. हा भत्ता कापला की बाकी यंत्रणा कागदावरच राहते, कारण घर चालवणारा माणूस मग तोंड उघडत नाही. परत घेताना डॉक्टरांचं पत्र, पहिले काही आठवडे दिवसपाळी आणि जोडीला एक सहकारी, पुढच्या भेटीची तारीख रोस्टर लावतानाच ठरलेली.