मोटरसायकलचा क्रॅश गार्ड निवडताना या चुका टाळा

मोटरसायकल पडली म्हटले की भरधाव अपघात डोळ्यांसमोर येतो. पण कोकणात राहणाऱ्याची गाडी बहुधा उभ्या जागीच आडवी होते. पावसाने मऊ झालेल्या जांभ्याच्या मातीत साइड स्टँड रुतते आणि सकाळी उठून पाहावे तर गाडी अंगणात लवंडलेली असते. किंवा गडग्याला लागून गाडी वळवताना पाय टेकावा, तर नेमके तिथेच शेवाळ असते. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ फेरीबोटीत गाडी चढवताना ओल्या लोखंडावर चाक कसे सरकते, हे पावसाळ्यात तो प्रवास करणाऱ्यांना ठाऊक आहेच. अशा पडण्यात वेग जवळजवळ नसतो. वजन मात्र पुरेपूर असते: क्लासिक 350 सारख्या गाडीचे सुमारे 195 किलो हँडलचे टोक, फूटरेस्ट आणि इंजिनाचे कव्हर एवढ्या दोन-तीन जागांवर येऊन आदळतात. क्रॅश गार्ड, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंना बसणारा वाकवलेला पाइप, घ्यायचा तो या प्रसंगासाठी. वेगात समोरून बसणाऱ्या धडकेत तो पाय वाचवील या भरवशावर राहू नये. ‘लेग गार्ड’ हे त्याचे दुसरे नाव या बाबतीत बरेच फसवे आहे.

पाइप पाहिला, पकड पाहिली नाही

ही चूक मी स्वतः केलेली आहे. पाइप चांगला जाड, वेल्डिंग सफाईदार आणि किंमत निम्मी, एवढे पाहून मी एका फॅब्रिकेटरकडून गार्ड बसवून घेतला होता. तो फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीला दोन यू-क्लँपनी धरलेला होता, दुसरा कोणताही आधार नव्हता. ऑगस्टमध्ये एका जेट्टीच्या उतारावर फेरीची वाट पाहत उभा असताना डावा पाय शेवाळावरून निसटला आणि गाडी अगदी सावकाश, म्हणजे मला ती जाताना दिसत होती इतक्या सावकाश, डावीकडे गेली. गार्ड टेकला, क्लँप नळीभोवती फिरले आणि गार्डचा खालचा वाक मागे सरकून थेट इंजिनाच्या कव्हरवर दाबला गेला. उचलून पाहिले तेव्हा पाइपाचा रंगसुद्धा उडालेला नव्हता. कव्हरला मात्र केसाएवढी चीर पडून तेल पाझरू लागले होते.

म्हणून गार्ड विकत घेताना पाइपाच्या जाडीआधी तो कुठे आणि किती ठिकाणी बसतो हे पाहावे. इंजिन फ्रेमला जिथे बोल्टने बांधलेले असते, त्या मजबूत जागांवर किंवा कंपनीने मुद्दाम ठेवलेल्या आट्यांच्या भोकांवर बसणारा गार्ड आघात फ्रेमकडे नेतो. दोन्ही बाजूंना प्रत्येकी किमान दोन आधार असावेत आणि डावा-उजवा भाग आडव्या पाइपाने जोडलेला असेल तर अधिक चांगले, कारण मग एका बाजूचा भार दुसरी बाजूही घेते. जाडीचा अतिरेकही उपयोगाचा नाही. जो गार्ड अजिबात वाकत नाही, तो सगळा धक्का फ्रेमच्या नळीला देतो. वाकलेला गार्ड बदलता येतो, वाकलेली फ्रेम दुरुस्त करणे फार महागात पडते. गार्ड वाकला म्हणून दुकानदाराशी भांडायला निघालेले लोक मी पाहिले आहेत, पण वाकणे हे त्याचे कामच आहे.

स्लायडर घेताना रस्ता विसरला

इंजिनाच्या बोल्टवर बसणारे नायलॉनचे गोटे, म्हणजे फ्रेम स्लायडर, दिसायला सुटसुटीत असतात आणि गुळगुळीत डांबरावर गाडी घसरत गेली तर उपयोगीही पडतात. आपल्याकडे मात्र डांबराची कड संपली की गटार, चिऱ्यांचा बांध नाहीतर खोदलेली साइडपट्टी असते. तिथे बाहेर आलेला स्लायडर अडकून गाडी उलटण्याचा संभव असतो. शिवाय तो जितका लांब, तितकी त्याची तरफ मोठी; पडल्यावर इंजिनाला धरणारा तोच बोल्ट वाकला तर काम वाढते. स्लायडर घ्यायचाच असेल तर आखूड घ्यावा, आणि मूळ बोल्टच्या जागी येणाऱ्या लांब बोल्टच्या डोक्यावर मूळ बोल्टइतकाच किंवा त्याहून वरचा दर्जा, उदाहरणार्थ 8.8 किंवा 10.9, कोरलेला आहे ना हे तपासावे. काहीच कोरलेले नसेल तर तो बोल्ट दुकानातच ठेवावा.

दुकानाबाहेर पडण्याआधी तपासले नाही

गार्ड बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे, पुढचा ब्रेक दाबून सस्पेन्शन जोराने खाली दाबावे आणि चाक किंवा मडगार्ड कुठे टेकत नाही ना हे पाहावे; खड्ड्यात सस्पेन्शन याहून खोल बसते, म्हणून मोकळी जागा सढळ हवी. गिअर आणि ब्रेकच्या पायाला अडथळा होतो का, ऑइल फिल्टर गार्ड न काढता बदलता येतो का, रेडिएटरपुढे पाइप येतो का, हेही तेव्हाच कळते. गार्ड फार रुंद असेल तर आंबा किंवा फोंडा घाटाच्या वळणात गाडी झुकवताना तो रस्त्याला घासू शकतो. बसवल्यानंतर ठरावीक वेगाला झणझण ऐकू येऊ लागली, तर बहुधा एखादा बोल्ट सैल असतो किंवा स्पेसर, म्हणजे मध्ये अंतर राखणारी नळी, बसवायची राहिलेली असते. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, पुन्हा तपासून घ्यावेत.

कायद्याची एक बाजू येथेच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 123 मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण मागतो. हे संरक्षण म्हणजेच साडी गार्ड; सीटच्या बाजूला लटकणारी सॅडलबॅग बसवण्यासाठी तो काढून टाकणे म्हणूनच चुकीचे आहे. कंपनीचा अधिकृत गार्ड घेतल्यास बिल जपून ठेवावे.

खाऱ्या वाऱ्याचा हिशोब केला नाही

किनाऱ्यावर साध्या लोखंडाचा गार्ड बाहेरून काळाभोर दिसत असताना आतून सडत असतो. पाइपाच्या तळाला पाणी निचरायला भोक नसेल, तर टोकाच्या सांध्यातून शिरलेले पाणी तिथेच साचते आणि असा पाइप ऐन वेळी कागदासारखा चेपतो. वेल्डिंगच्या कडेला पावडर कोटिंग फुगलेले दिसले की त्याखाली गंज धरलेला आहे असे समजावे. स्टेनलेस घ्यायचे तर 316 दर्जाचे पोलाद मीठ 304 पेक्षा चांगले सोसते. 304 वरही किनाऱ्यालगत चहाच्या रंगाचे डाग उमटतात. स्टेनलेसचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यांत तसाच पिळला तर खाऱ्या दमटपणात तो धरून बसतो, म्हणून आट्यांना अँटी-सीझ ग्रीस लावावे. त्याने आटे बुळबुळीत होऊन बोल्ट जास्त आवळला जातो, हे लक्षात ठेवून हात आवरता घ्यावा.

गार्ड असूनही लिव्हर तुटला

गार्ड मधला भाग वाचवतो, हँडल तरीही टेकतेच. क्लच आणि ब्रेक लिव्हरची पकड हाताने जोर लावल्यावर जेमतेम फिरेल एवढीच घट्ट ठेवली, तर पडताना लिव्हर मोडण्याऐवजी फिरून जातो. एक जादा क्लच लिव्हर सीटखाली असावा.

गाडी पडल्यावर आधी किल स्विच बंद करावा. पुष्कळ इंजेक्शनच्या गाड्यांत कलण्याचा सेन्सर इंजिन आपोआप बंद करतो. अशी गाडी सरळ केल्यावर किल्ली एकदा पूर्ण बंद करून मगच चालू करावी, नाहीतर स्टार्टर बिघडला असे वाटून माणूस उगाच ढकलत बसतो. कार्ब्युरेटरच्या गाडीला पेट्रोल ओसंडलेले असते, तिला थोडा वेळ उभी राहू द्यावी. त्यानंतर ॲक्सिलरेटर सोडल्यावर आपसूक मागे येतो का आणि इंजिनाखाली ताजे तेल दिसते का हे पाहावे. गार्ड वाकलेला असेल तर तो तापवून, ठोकून सरळ करून घेऊ नये. नवा बसवताना त्याचे बोल्टही नवेच घ्यावेत.