ओढ्याकाठी एक रात्र: सिडनीजवळ पहिला मुक्कामी बुशवॉक कसा करावा

‘क्रीक’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ठाण्याची खाडी येते. ऑस्ट्रेलियात क्रीक म्हणजे ओढा, आणि बुश म्हणजे रान. रानातून पायी भटकणं म्हणजे बुशवॉक. या शब्दाला तिथे बराच मान आहे. ‘सिडनी बुश वॉकर्स’ हा क्लब १९२७ साली सुरू झाला आणि तेव्हापासून सिडनीकर सॅक पाठीवर टाकून रानात मुक्कामाला जात आले आहेत.

सह्याद्रीत दोन-चार ट्रेक केलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटतं, आणि घोळ तिथेच होतो. आपल्याकडे गडाच्या पायथ्याला वाडी असते. वाट चुकली तर गुराखी भेटतो, जेवण राहिलं तर कुणाच्या तरी ओसरीवर पिठलं-भाकरी मिळते. बुशमध्ये वाडी नाही, मामा नाहीत, चहाची टपरी नाही. जे पाठीवर आहे तेवढंच तुमचं. त्यामुळे इथल्या मुक्कामाची खरी मेहनत चालण्यापेक्षा निघण्याआधीच्या तयारीत आहे.

१. वाट निवडा

नवशिक्यांना मी डोळे मिटून एकच वाट सांगतो: हीथकोट नॅशनल पार्कमधला बुलावॉरिंग ट्रॅक. सिडनीच्या दक्षिणेला, १८७९ साली स्थापन झालेल्या प्रसिद्ध रॉयल नॅशनल पार्कला लागूनच, रेल्वेच्या पलीकडच्या बाजूला हे रान आहे. मूळची ही धारावाल लोकांची भूमी. वॉटरफॉल स्टेशनला उतरायचं, हीथकोट ओढ्यात उतरून त्याच्या काठाकाठाने उत्तरेला चालायचं आणि हीथकोट स्टेशनला वर यायचं. दोन्ही स्टेशनं एकाच लाइनवर, शेजारीशेजारी, त्यामुळे गाडी कुठे लावायची, परत कसं यायचं ही कटकटच नाही. सिडनीच्या सेंट्रल स्टेशनहून ट्रेन तासाभरात पोचवते. (वॉटरफॉल स्टेशनवर धबधबा शोधत बसू नका. दिसत नाही.)

एकूण अंतर साधारण ११ किलोमीटर. सकाळी निघून संध्याकाळी परतणारे पुष्कळ असतात. पण तेच दोन दिवसांत वाटून घेतलं की पाठीवर ओझं असूनही जमतं. मुक्कामाला दोन डोह आहेत, किंगफिशर पूल आणि पुढे मिरँग पूल. पहिल्या वेळी किंगफिशरच धरा. स्टेशनपासून ते सॅकसह तासा-दीड तासावर आहे. रात्री पावसाने झोडपलं, कुणाचं पोट बिघडलं, तर एक चढ चढून परत स्टेशन गाठता येतं.

२. दिवस निवडा आणि जागा राखून ठेवा

तिथले ऋतू उलटे, हे माहीत असूनही आपण चुकतो. डिसेंबर-जानेवारी हा वणव्यांचा काळ. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे उत्तम महिने. जून-जुलैमध्ये हवा छान असते, पण पाच वाजताच अंधारतं आणि दरीत थंडी उतरते.

मुक्कामाच्या जागेची नोंदणी न्यू साउथ वेल्सच्या नॅशनल पार्क विभागाच्या संकेतस्थळावर आधी करावी लागते. ‘जाऊन बघू, जागा असेलच’ हा खाक्या इथे चालत नाही. निघायच्या आदल्या दिवशी आणि त्याच दिवशी सकाळी त्याच संकेतस्थळावर पार्क उघडं आहे ना, हे पाहा. संपूर्ण आगबंदी जाहीर झाली असेल तर सरळ बेत रद्द करा. जोराचा पाऊस सांगितला असेल तरीही. ओढ्याकाठची वाट पावसात पाण्याखाली जाऊ शकते. ट्रेनचे पैसे वाचवायला नको तो धोका पत्करू नये.

३. घरी सांगून जा

कोणत्या स्टेशनवर उतरणार, कुठे मुक्काम, कोणत्या वाटेने बाहेर पडणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचं, हे एका माणसाला लिहून द्या. दरीत मोबाइलला रेंज मिळेल याचा भरवसा नाही. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या आणि छापील प्रतही जवळ ठेवा. ‘इमर्जन्सी प्लस’ हे ॲपही घ्या. तुम्ही नेमके कुठे आहात ते अक्षांश-रेखांशांसह दाखवतं, आणि ट्रिपल झीरोला (०००, तिथला आणीबाणीचा नंबर) फोन करताना तीच माहिती लागते. उपग्रहाला संकेत पाठवणारा छोटा बीकनही असतो. न्यू साउथ वेल्समध्ये काही पार्क कार्यालयं आणि पोलीस ठाणी तो फुकट उसना देतात. आधी चौकशी करा.

४. सॅक भरा

माझ्या पहिल्या बुशवॉकला आमच्यातल्या एकाने दीड लिटरचा कुकर आणला होता. शिट्टीसकट. खिचडी फर्मास झाली, पण दुसऱ्या दिवशीच्या चढावर तो कुकर कुणाच्या सॅकमध्ये जाईल यावरून झालेली भांडणं अजून निघतात.

साधा हिशेब असा: भरलेली सॅक तुमच्या वजनाच्या पाचव्या भागाहून जड नको. साठ किलोच्या माणसाने बारा किलोंवर थांबावं. घरातल्या वजनकाट्यावर सॅक घेऊन उभं राहा आणि मग एकेक वस्तू बाहेर काढा. जीन्स पहिली काढा. भिजली की दोन दिवस वाळत नाही.

तंबू, स्लीपिंग बॅग आणि मॅट ही तीन मोठी ओझी. तिन्ही भाड्याने मिळतात. पहिल्या खेपेला विकत घेऊ नका. मॅटला लोक कमी लेखतात, पण थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते. हलकी मॅट आणि महागडी स्लीपिंग बॅग घेऊन रात्रभर कुडकुडणारे मी पाहिलेत.

भरताना स्लीपिंग बॅग तळाशी, जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड पिळून बांधलेली. त्यावर जड वस्तू, म्हणजे जेवण आणि पाणी, पाठीला चिकटून. पावसाचं जाकीट, हेडटॉर्च आणि खाऊ वरच्या कप्प्यात. मग कमरेचा पट्टा आधी आवळा, खांद्याचे नंतर. ओझं कमरेवर बसलं पाहिजे. खांदे दुखायला लागले तर पट्टा खाली घसरलाय असं समजा.

ओझ्याबद्दल कुरकुर करणाऱ्यांना मी मायल्स डन्फींची गोष्ट सांगतो. रानांचे नकाशे काढणारा आणि ती राखली जावीत म्हणून आयुष्यभर झटलेला हा माणूस. हीथकोटचा भाग राखण्यामागेही त्यांची धडपड होती. १९३१ च्या सुमारास ते आणि त्यांची पत्नी आपल्या लहानग्या मुलाला बाबागाडीत घालून कनांग्राच्या रानात घेऊन गेले. बाबागाडी! आपल्याला बारा किलो म्हणजे काहीच नाही.

५. जेवण

रात्री एकदाच गरम, बाकी सगळं कोरडं, असा बेत ठेवा. आमचा ठरलेला मेनू: दुपारी घरून नेलेले मेथीचे ठेपले आणि सुका लसणीचा ठेचा, रात्री झटपट शिजणारा तांदूळ, मेतकूट आणि छोट्या डबीतलं तूप, सकाळी पातळ पोह्यांचे दडपे पोहे. कांदा तेवढा तिथे चिरायचा. दडपे पोह्यांना गॅस लागत नाही आणि थंड सकाळी तोच मोठा फायदा. चालताना गूळ-शेंगदाणे. गॅसची छोटी शेगडी आणि एक पातेलं पुरतं. शेकोटीचा नाद सोडा. पडलेलं लाकूडही तिथल्या किड्यामुंग्यांचं घर असतं, ते गोळा करायचं नसतं.

६. पाणी

ओढ्याचं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस दिसतं. ती घाण नव्हे, पालापाचोळ्यातून उतरलेला रंग. पण वस्ती कड्याच्या वर आहे आणि तिथलं पावसाचं पाणी याच ओढ्याला येतं, तेव्हा स्वच्छ दिसलं तरी तसंच पिऊ नका. खळखळून उकळा किंवा फिल्टर वापरा. घरून प्रत्येकी तीन लिटर न्या. पहिला दिवस आणि रात्र त्यात निघते. उकळायचं ते दुसऱ्या दिवसासाठी.

७. चालणं

सकाळी दहाच्या सुमारास वॉटरफॉलहून निघालात तरी पुरे. पायाखालचा खडक हा सह्याद्रीचा काळा बसाल्ट नव्हे. हा हॉक्सबरी सँडस्टोन, पिवळट वाळूचा दगड. कोरडा असला की बुटाला सँडपेपरसारखा धरतो आणि माणूस निर्धास्त होतो. ओढा ओलांडताना त्याच दगडावर शेवाळ असतं आणि तिथेच पाय जातो. ओलांडताना कमरेचा पट्टा सोडून ठेवा. पडलात तर सॅक चटकन उतरवता येते.

वाटेवर मान वर करून चाला. स्क्रिब्ली गमच्या गुळगुळीत खोडावर कुणीतरी पेन्सिलीने गिरगटल्यासारख्या रेघा दिसतील. एका पतंगाच्या अळ्यांनी सालीखालून केलेल्या वाटा आहेत त्या. सप्टेंबरात गेलात तर लालभडक वाराटा फुललेला भेटेल, न्यू साउथ वेल्सचं राज्यफूल. आणि वाटेवर घोरपडीसारखं काही आडवं आलं तर ती घोरपडच समजा. लेस मॉनिटर ही आपल्या घोरपडीचीच जातभाई, फक्त बरीच मोठी. तिला वाट द्या, खाऊ देऊ नका.

सापाचं भय बाळगण्यापेक्षा पाय टाकण्याआधी बघायची सवय लावा. पँट लांब, मोजे उंच. प्रत्येकाकडे रुंद, ताणली जाणारी दोन बँडेज हवीतच. साप चावला तर जखम धुवायची नाही, चिरायची नाही. चावल्या जागेवर घट्ट बँडेज, मग बोटांपासून वर सबंध हातापायाला दुसरं, काठी बांधून अवयव स्थिर, आणि माणसाला एक पाऊलही चालू द्यायचं नाही. मग ०००. फनेल-वेब कोळी चावला तरी हेच. त्याच्यासाठी आणखी एक: रात्री बूट तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी झटकून घाला.

८. मुक्काम

डोहावर पोचल्यावर आधी वर बघा, मग खाली. निलगिरीच्या जातीची झाडं वारा नसतानाही जाडजूड फांद्या खाली टाकतात. वाळकी फांदी डोक्यावर असेल तिथे तंबू नको. ओढ्यालगतची मऊ वाळूही नको, कितीही मोहक वाटली तरी. पाणी वाढलं की पहिली तीच जाते. मुक्कामाच्या नेमलेल्या जागेतच, थोड्या उंचीवर, सपाट तुकडा शोधा आणि उजेड असेपर्यंत तंबू उभा करा. घरच्या हॉलमध्ये एकदा उभारून पाहिलेला असेल तर दहा मिनिटांचं काम आहे.

डोहात डुंबायला हरकत नाही, पण पायाने चाचपत उतरा. सूर मारू नका, तळाचे दगड दिसत नाहीत. पाऊस झाल्यावर तर उतरूच नका.

शौचासाठी हातभर फावडं न्या. पाण्यापासून १०० मीटर दूर, पंधरा सेंटिमीटर खोल खड्डा, नंतर बुजवायचा. भांडी ओढ्यात घासायची नाहीत.

आता पॉसम. मांजराएवढं, गोल डोळ्यांचं, फार गोंडस जनावर. एका मुक्कामात मी अर्धी बाकरवडीची पिशवी तंबूच्या कोपऱ्यात ठेवून झोपलो. मध्यरात्री कानाशी कापड फाटल्याचा आवाज आला. टॉर्च लावली तर तंबूला मुठीएवढं भोक, आणि बाहेर साहेब दोन्ही हातांत बाकरवडी धरून, माझ्याकडे बघत, कुरुमकुरुम खात बसलेले. पळालेही नाहीत. भाड्याच्या तंबूची भरपाई द्यावी लागली. तेव्हापासून सगळं खाणं झाकण फिरवून बसवायच्या डब्यात आणि डबा सॅकच्या पोटात असतो. टूथपेस्टही त्यातच, कारण तिलाही वास येतो.

९. दुसरा दिवस

पहाटे कूकाबुरा पक्ष्याच्या हसण्याने जाग येईलच, गजर लावू नका. नाश्ता करून आठ-साडेआठला निघा. आज अंतर जास्त आहे. वाट ओढ्याला कधी लगटून, कधी वरच्या कपारींतून जाते. मिरँग पूलला जेवायला थांबा. शेवटी ओढा सोडून हीथकोटकडे चढायचं असतं, आणि नेमक्या त्या भागात सर्व्हिस रोड आणि फाटे आहेत, तेव्हा ‘आता आलंच’ म्हणून नकाशा आत ठेवू नका. चढ दमवतो. घाई नको, ट्रेन पुन्हा येते.

स्टेशनवर बूट काढून मोजे उलटे करून पाहा, एखादी जळू असतेच. कानामागे, काखेत गोचीड तपासा. घरी गेल्यावर थकवा आला तरी तंबू बाल्कनीत पसरून वाळवा, ओला गुंडाळून ठेवला तर आठवड्यात बुरशी धरते.

आणि ज्याला वेळ लिहून दिली होती त्याला ट्रेनमध्ये बसल्याबसल्या ‘पोचलो’ म्हणून कळवा. आम्ही एकदा स्टेशनजवळ चिप्स खात गप्पा मारत बसलो आणि विसरलो. मित्राची बायको फोन हातात घेऊन, ००० मधलं दुसरं शून्य दाबून थांबली होती.